दाबाच्या टाक्या आणि दाव्याची भीती

कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला पंक्चर काढण्याचे एक लहानसे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी, ऐन भातलावणीच्या दिवसांत, त्या दुकानातली हवेची टाकी फुटली. टाकी उभी होती. तिचे बूड फाटले आणि ती बाणासारखी वर गेली, छपराचा पत्रा फाडून पलीकडच्या खाचरात जाऊन रुतली. दुकानदार त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घेत होते आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यांचा मुलगा आमच्या कॉलेजात माझ्या वर्गाला होता. दुसऱ्या दिवशी तो मला बोलवायला आला. सर पदार्थविज्ञान शिकवतात, तेव्हा टाकी का फुटली हे सरच सांगतील, असा त्याचा भाबडा विश्वास.

टाकी का फुटली हे सांगणे फारसे अवघड नव्हते. अवघड प्रश्न त्याच्या वडिलांनी विचारला. ते म्हणाले, "सर, पत्रा गेला, मशीन गेलं, धंदा महिनाभर बंद. दावा लावायचा म्हटलं तरी लावायचा कुणावर?" टाकी त्यांनी जुन्या बाजारातून घेतलेली होती. तिच्यावर कारखान्याचे नाव नव्हते, आकडा नव्हता, साल नव्हते. जिला नाव नाही तिच्या बनवणाऱ्याला भीती कसली? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो, आणि ते अनुभवाचे बोल आहेत. परंतु ज्या टाक्या आपल्या घरात आणि दुकानात धडपणे उभ्या आहेत, त्या तशा असण्यामागे कोणीतरी कधीतरी ही पायरी चढलेले आहे. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

आधी टाकीचेच गणित करू. त्या टाकीचा व्यास ४५ सेंटिमीटर होता आणि आत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो. बुडाचे क्षेत्रफळ येते सुमारे १,५९० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की उत्तर मिळते १२,७०० किलो, म्हणजे साडेबारा टनांहून अधिक. पोत्यांनी शिगोशीग भरलेला ट्रक त्या बुडावर उभा करावा, तितका भार ते बूड रात्रंदिवस सोसत असते. आता हवेत नेहमी थोडी वाफ असते. हवा दाबली आणि मग ती निवली की त्या वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते. मावळच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. हे पाणी सोडून देण्यासाठी टाकीच्या तळाला एक कॉक असतो आणि तो रोज उघडायचा असतो. या दुकानातला कॉक कित्येक वर्षांत उघडलेला नव्हता, तो गंजून जाम झाला होता. बाहेरून रंग ठाकठीक, आतून बूड खरवडल्यासारखे पातळ. फाटलेली कड मी बोटाने चाचपून पाहिली, तर काही जागी ती वहीच्या पुठ्ठ्याएवढीच जाड राहिली होती.

टाकी फुटताना एवढा धमाका का होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी आपली शक्ती आत साठवते. २०० लिटरच्या टाकीत ८ किलो दाबाची हवा भरली, तर तिच्यात एक टनाचे वजन सुमारे वीस मीटर उंच उचलण्याइतकी ऊर्जा असते. त्याच टाकीत, तेवढ्याच दाबाने, काठोकाठ पाणी भरले तर काय होईल? पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. म्हणून त्या पाण्यात साठते ती ऊर्जा तीन किलोचे वजन एक मीटर उचलण्यापुरती. दाब तोच, धोका मात्र हजारो पटींनी कमी. म्हणूनच दाबाच्या टाकीची परीक्षा पाण्याने घेतात. टाकीत पाणी भरायचे, नेहमीच्या कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा, थोडा वेळ तो धरून ठेवायचा आणि सांध्यांतून कोठे झिरपते का, टाकी कोठे फुगते का, हे पाहायचे. टाकी फाटलीच तर पाणी भळकन वाहून जाते, माणूस ओला होतो, एवढेच. शिक्षक मंडळींनी वर्गात दोन फुगे आणावेत, एकात हवा भरावी, एकात पाणी, आणि दोन्हींना टाचणी लावावी. मुलांना पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र परीक्षा किती दाबाने घ्यायची, किती वर्षांनी घ्यायची, आणि कोणी घ्यायची? हे आकडे पदार्थविज्ञान सांगत नाही. पोलाद किती ताणाला तुटते ते विज्ञान सांगेल. तुटण्याच्या किती अलीकडे थांबायचे, हे माणसांनी बसून ठरवलेले असते. अशा ठरवून दिलेल्या मापांना आपण मानके म्हणतो. ती ठरवणाऱ्यांच्या मनात दोन चित्रे असतात, एक फुटलेल्या टाकीचे आणि दुसरे फिर्यादीच्या समन्सचे. दुसऱ्या चित्राचा वाटा किती, हे देशादेशांत वेगळे आहे.

आपल्याकडे सुरुवात कोर्टाने झाली नाही. १८६३ च्या एप्रिलमध्ये बोरघाटातून रेल्वेची वाट खुली झाली आणि वाफेची इंजिने खंडाळा-लोणावळ्याला धापा टाकीत चढू लागली. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात एका बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे मेली. त्यावरून १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, प्रत्येकाचे माप निराळे. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास! हा घोळ मिटवण्यासाठी १९२३ साली सबंध देशाचा एक बॉयलर कायदा आला. तो शंभर वर्षांहून अधिक चालला आणि २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. गंमत अशी की रेल्वेची इंजिने १९२३ च्या कायद्यातून वगळलेली होती. घाटात धावणाऱ्या बॉयलरची तपासणी रेल्वे स्वतःच करी. बाकी सर्वांना सरकारी इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टरने पाहिले, पाण्याची परीक्षा घेतली, दाखला दिला, मगच भट्टी पेटवायची. दाखला नसेल तर दंड. तेव्हा आपल्या कारखानदाराला जी भीती वाटत आली ती मुख्यतः इन्स्पेक्टरची. फुटलेल्या टाकीखाली सापडलेल्या मजुराची भीती त्याला तितकीशी वाटली नाही, कारण तो मजूर दावा लावील ही शक्यताच फार थोडी होती.

इंग्लंड-अमेरिकेची वाट निराळी. तिथे आधी विमा कंपन्या पुढे आल्या. अमेरिकेत हार्टफर्ड शहरी १८६६ साली अशी एक कंपनी निघाली की जी बॉयलरचा विमा उतरवी आणि त्यासोबत तपासणीही करी. साधा हिशेब: स्फोट झाला तर पैसे आपल्याला भरावे लागणार, तेव्हा बॉयलर आधी आपणच ठोकून बघावा. पुढे २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन येथे जोड्यांच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मेली. दोन वर्षांत त्या राज्याने बॉयलरचे नियम केले. तेथेही मग राज्याराज्यांत वेगळी मापे होऊ लागली, तेव्हा बॉयलर बांधणाऱ्यांनीच म्हटले की एकच पुस्तक करा. तेथील यंत्र-अभियंत्यांच्या सोसायटीने ते पुस्तक १९१५ मध्ये छापले. जगभर आज टाक्या बांधताना त्याचा आधार घेतात.

हे पुस्तक कारखानदारांना का हवे होते, याचे उत्तर पुष्कळसे कोर्टात आहे. अपघात झाला आणि कोर्टाने विचारले की तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती का, तर उत्तर काय द्यायचे? "होय, मी छापील नियमाप्रमाणे टाकी बांधली," असे सांगता आले तर तो ढाल होतो. मानक हे असे दुहेरी असते. गिऱ्हाइकाचे रक्षण ते करते, आणि बनवणाऱ्याचेही. म्हणून त्याची बाजू घेणारे दोन्हीकडे सापडतात.

कोर्टाची भीती प्रत्यक्ष कशी काम करते, याचा एक खटला मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे पूर्वी यात्रेत गोटी सोडा मिळे, तो उघडताना पोरे लांब पळायची. सोड्याची बाटली हीसुद्धा दाबाची टाकीच आहे, काचेची. कॅलिफोर्नियात एका उपाहारगृहात काम करणारी एक बाई कोका-कोलाच्या बाटल्या शीतपेटीत ठेवत होती. एक बाटली तिच्या हातातच फुटली आणि हाताला खोल जखम झाली. तिने बाटल्या भरणाऱ्या कंपनीवर दावा लावला. आता बाटलीत नेमका काय दोष होता, हे ती बिचारी कसे सिद्ध करणार? तुकडे तर फेकून दिले गेले होते. १९४४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कोर्ट म्हणाले, बाटली धडपणे हाताळली असताना फुटते, त्या अर्थी भरणाऱ्याकडून कोठेतरी हयगय झाली असावी असे धरता येते. बाटली वापरात आल्यानंतर तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष निर्माण होत असतील, तर ती पुन्हा भरण्याआधी योग्य ती परीक्षा घेणे हे भरणाऱ्याचे काम आहे, असेही कोर्टाने म्हटले. नव्या बाटलीची परीक्षा कारखान्यात होत होती. वापरलेली बाटली मात्र नुसती नजरेखालून घालून पुन्हा भरली जात होती. त्याच कोर्टातले न्यायमूर्ती ट्रेनर यांनी एक पाऊल पुढे टाकून लिहिले की हयगय सिद्ध झाली नाही तरी बनवणाऱ्याने जबाबदार राहावे. १९६३ साली ते त्या राज्याचे कायदेसूत्रच झाले.

नवी टाकी चांगली असणे वेगळे आणि दहा वर्षे वापरलेली टाकी चांगली असणे वेगळे. आपल्या घरातल्या गॅसच्या टाकीवर या जाणिवेची खूण तुम्हाला रोज बघता येईल. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर; आणि आकडे म्हणजे वर्ष. पुष्कळांना वाटते की ही गॅस संपण्याची तारीख आहे. तसे नाही. पुढची पाण्याची परीक्षा केव्हा व्हायला हवी, ते त्यावर लिहिलेले असते. नव्या टाकीची परीक्षा दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी घ्यायची असते, आणि ती दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाबाने घेतात. भारतीय मानक ३१९६ मध्ये या टाकीची बांधणी सांगितली आहे. नियम पाहण्याचे काम पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असून तिचे मुख्य कार्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. तारीख उलटून गेलेली टाकी दारात आली तर ती परत करण्याचा तुम्हाला हक्क आहे. शाळेतल्या मुलांना घरच्या टाकीवरचे अक्षर वाचून आणायला सांगा. निम्म्या घरांत ते प्रथमच वाचले जाईल.

आता एक वेगळा प्रश्न. बाटली फुटली ती बाटली हाताळणाऱ्या बाईच्या हातात. पण ज्याचा टाकीशी काही संबंधच नाही, जो नुसता शेजारी राहतो किंवा रस्त्याने जातो, त्याचे काय? १३ जून २०२३ रोजी आपल्या द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर एक रसायनाचा टँकर उलटला आणि पेटला. पेटते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले. चार माणसे मेली, आणि त्यांत खालच्या रस्त्याने जाणारी माणसे होती. त्यांनी ते रसायन विकत घेतलेले नव्हते, ते त्या कंपनीत कामाला नव्हते, त्या टँकरचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. (तो टँकर द्रव रसायनाचा, दाबाखालच्या वायूचा असता तर काय झाले असते, याची कल्पना घाटाखाली राहणाऱ्यांनी करून पाहावी.)

या तिसऱ्या माणसाचा कायदा निघाला तो साठवलेल्या पाण्यातून. लोणावळेकरांना साठवलेले पाणी नवे नाही. वळवण, शिरोटा, लोणावळा या तलावांचे पाणी टाटांनी १९१५ पासून नळांतून खाली खोपोलीला सोडून वीज केली. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. येथे उतार पाचशे मीटरांहून अधिक, म्हणजे नळाच्या पायथ्याशी दाब पन्नास किलोंच्या वर. गॅसच्या टाकीची परीक्षा ज्या दाबाने घेतात त्याच्या दुप्पट! असो. इंग्लंडात लँकेशायरमध्ये एका गिरणीवाल्याने आपल्या जमिनीत पाण्याचा हौद बांधला, ते पाणी जमिनीतल्या जुन्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीवाल्याची स्वतःची हयगय नव्हती. तरी १८६८ मध्ये तेथील सर्वोच्च कोर्टाने ठरवले की जो आपल्या जमिनीवर असे धोक्याचे काही आणून साठवतो, त्याने ते बाहेर पडल्यास भरपाई द्यावी. पुढे या नियमाला पळवाटा पडल्या: दैवी आपत्ती होती, परक्या माणसाने खोडसाळपणा केला, वगैरे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटा १९८६ मध्ये बंद केल्या. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू सुटला होता. त्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, कोणतीही सबब चालणार नाही, आणि कंपनी जेवढी मोठी तेवढी भरपाई मोठी हवी, तरच तिला जरब बसेल. हा निकाल भोपाळच्या सावलीत दिला गेला. भोपाळचे एक अंग आपल्या विषयाशी फार जवळचे आहे. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री ६१० क्रमांकाची टाकी फुटली नाही. दाब वाढला तेव्हा तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह, कुकरच्या शिट्टीसारखा, बरोबर उघडला आणि टाकी वाचली. विषारी वायू मात्र त्या वाटेनेच बाहेर पडून गावावर पसरला, कारण त्याला शोषून घेणारी आणि जाळून टाकणारी यंत्रणा कामाची नव्हती. टाकीचे मानक टाकीला सांभाळते. कुंपणापलीकडच्या माणसाला सांभाळण्याचे मानक निराळे लागते, ही गोष्ट हजारो माणसे गेल्यावर कायद्यात शिरली. १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले. १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. धोक्याचे पदार्थ हाताळणाऱ्याने विमा उतरवलाच पाहिजे, आणि बाहेरच्या माणसाला इजा झाली तर चूक कोणाची हा वाद न घालता ताबडतोब रक्कम मिळाली पाहिजे, असा त्याचा गाभा. रक्कम किती? मृत्यू झाल्यास २५ हजार रुपये. आणि हा आकडा पुढे तीन दशके तसाच राहिला. माझ्या मते ही आपल्या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे. कायद्याने भीती निर्माण केली, पण ती फार स्वस्तात ठेवली. जी भीती एका नव्या व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे ती व्हॉल्व्ह बदलायला लावील कशी?

सातारा जिल्ह्यातले एक प्रकरण सांगतो, म्हणजे या स्वस्ताईची कल्पना येईल. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलच्या टँकरला एका ट्रकची धडक बसली. टँकर रस्त्याकडेला उलटला आणि पेट्रोल गळू लागले. आसपासची माणसे जमली. सुमारे चार तासांनी स्फोट होऊन आग भडकली आणि जमलेल्यांपैकी अनेक जण भाजून दगावले. पेट्रोलची टाकी ही काही दाबाची टाकी नव्हे, पण मुद्दा भरपाईचा आहे. त्यांतल्या एका मुलाच्या आईने दावा लावला. टँकरच्या बाजूने सांगण्यात आले की गाडी तेव्हा चालू कोठे होती, ती तर चार तास आडवी पडली होती, तेव्हा हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात नव्हे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ते गेले. १९९१ मध्ये कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला आणि वापर या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला. हा निकाल आजही वकील दाखवतात. त्या आईला या कलमाखाली मिळायचे होते १५ हजार रुपये, आणि त्यासाठी जवळजवळ चार वर्षे.

भीती थोडी असणे वाईट. तशी नुसती भीती वाढवत नेणेही उपयोगाचे नाही. कोर्टाच्या धाकाने माणूस काळजीपूर्वक वागतो, हे खरे. परंतु तो काळजीपूर्वक लिहू लागतो, हेही तेवढेच खरे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात होते. ते सांगत, टाकीचा सांधा थोडा झिरपला तर तो गुपचूप बुजवायचा, वहीत लिहायचे नाही. कारण वहीत लिहिले आणि उद्या काही झाले तर "तुम्हाला ठाऊक होते" म्हणून ती वहीच आपल्याविरुद्ध उभी राहील. झिरपण्याची पहिली खबर ही सर्वांत मोलाची खबर, आणि भीतीने नेमकी तीच दडपली जाते. दुसरे असे की नियमात जे कमीत कमी सांगितलेले असते, तेवढेच पुरेसे मानायची सवय लागते. ४ मिलिमीटर जाडी म्हटली की ४ च, कोठे समुद्राची खारी हवा असली तरी.

इंग्रजी कायद्यात या दुखण्यावर एक जुना उतारा आहे. अपघातानंतर मालकाने दुरुस्ती केली, यंत्रात सुधारणा केली, तर ती त्याची कबुली मानायची नाही. एका रेल्वे कंपनीने अपघातानंतर सांध्याची व्यवस्था बदलली होती, त्या १८६९ च्या खटल्यात हा विचार पुढे आला. अमेरिकेनेही तो पुराव्याच्या नियमांत घेतला. नाहीतर सुधारणा करणाराच अडकेल आणि न करणारा सुटेल. दुसरा उतारा म्हणजे भरपाई आणि दोष यांची फारकत करणे. भरपाई विम्यातून, वाद न घालता, पण पुरेशी द्यावी. आणि दोष कोणाचा याची चौकशी उघडपणे, सगळ्यांना शिकता यावे म्हणून करावी. मला स्वतःला हाच मार्ग पटतो. भीती एकदा आकड्यांत आली की आकडे उतरवायला कोणी तयार होत नाही, असा एक आक्षेप घेतात, पण तो पुरता खरा नाही. मघा सांगितलेल्या अमेरिकन पुस्तकात दाबाच्या टाकीचे पोलाद पूर्वी गरजेच्या पाचपट मजबूत धरीत. वेल्डिंगची आणि तपासणीची कला सुधारली तसे ते चारपटींवर आले आणि १९९९ मध्ये साडेतीनपटींवर. कोर्टाच्या देशातसुद्धा पुराव्यापुढे भीती नमते.

गॅसच्या टाकीच्या बाबतीत हा विनावाद भरपाईचा मार्ग आपल्याकडे थोडाफार आहे, पण खेड्यात तो फार थोड्यांना माहीत आहे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवलेला असतो. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अलीकडच्या पॉलिसीप्रमाणे गॅसच्या अपघातात मृत्यू आल्यास माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. अपघात झाल्याबरोबर एजन्सीला लेखी कळवावे, पोलिसांचा पंचनामा करून घ्यावा. नळी मात्र मानकाची खूण असलेली आणि मुदतीतली हवी, नाहीतर तेथेच बोट ठेवले जाते.

आणि आता आमच्या दुकानदारांचा प्रश्न: दावा कोणावर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २०२० च्या जुलैपासून लागू झाला, सदोष मालाच्या जबाबदारीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले कलम ८६ असे सांगते की बनवणारा कोण हे कळत नसेल, तर ज्याने धंदा म्हणून तो माल विकला, त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. म्हणजे बिननावाची टाकी विकणाऱ्याने ती आपल्या नावावर घेतली, असाच त्याचा अर्थ. पोटासाठी स्वतः कष्ट करून धंदा करणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो, तेव्हा पंक्चरवाला त्यात बसतो. तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे सगळे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बिल कुठंय सर?" जुन्या बाजारातल्या त्या व्यापाऱ्याने, मी ही टाकी विकलीच नाही, असे सांगून हात झटकले. बिल नाही, पाटी नाही, साक्षीदार नाही. दावा झाला नाही.

या वर्षी त्यांनी पुण्याहून नवी टाकी आणली, बिल घेऊन. तिला पाटी आहे: कारखान्याचे नाव, क्रमांक, कामाचा दाब, परीक्षेचा दाब, सगळे ठोकलेले. मला दाखवायला बोलावले तेव्हा पाहिले, तर पाण्याच्या परीक्षेच्या तारखेची जागा तेवढी कोरी होती. त्यांनी माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. परीक्षेचा दाखला पाठवून देतो, असे उत्तर आले. दाखला अजून आलेला नाही. टाकी दुकानाच्या कोपऱ्यात पोत्याने झाकून ठेवलेली आहे, आणि तोवर त्यांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी येऊन पायपंपाने गाड्यांत हवा भरतो.